जोडलेल्या यंत्रांचा धंदा: आकडे अब्जांत, पण जमिनीवर खरंच वाढ आहे का?

रोहित्र

नमस्कार मंडळी,

माझं काम पंपाचे स्टार्टर आणि कंट्रोल पॅनेल बनवण्याचं. पंधरा वर्षं झाली, हाताखाली चार माणसं. काँटॅक्टर, ओव्हरलोड रिले, टायमर, ड्राय रन, झालं आमचं जग. आतापर्यंत पॅनेलमधून बाहेर जाणारी तार म्हणजे मोटरची तार. गेल्या दोन वर्षांत मात्र प्रत्येक तिसरं गिऱ्हाईक विचारतं, "मोबाइलवर दिसेल का?" टाकीची पातळी, कुठली फेज गेली, मोटर चालू आहे की बंद, एवढंच त्यांना हवं असतं.

म्हणून मागच्या महिन्यात सिमवर चालणारं कार्ड टाकून पाच पॅनेल केली. टेबलावर पाचही पोपटासारखी बोलत होती. जागेवर बसवल्यावर महिन्याभरात तीन गप्प. जाऊन पाहिलं तर दिवा लागलेला, सिम चालू, आणि तरी माहिती येत नाही. एक तर मी पोचल्यावर आपोआप सुरू झालं आणि मी परत निघाल्यावर पुन्हा बंद. माणसाळलेलं असावं.

इकडे एक अहवाल वाचला. विकसनशील देशांत इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची वाढ सर्वांत वेगवान होणार, अब्जावधी यंत्रं, वगैरे. पण हीच वाक्यं मी दहा वर्षांपूर्वीही वाचली होती असं पक्कं आठवतं. तर विचारायचं हे, की ही वाढ खरी आहे की कागदावरची? आपल्यासारख्या, जिथे वीजही भरवशाची नाही अशा ठिकाणी यातलं काय टिकलं? आणि कार्डातलं मोबाइल नेटवर्कशी बोलणारं मॉड्यूल २जीचं घेऊ की ४जीचं? चार माणसांचे हात यात गुंतवायचे की नाही, ते ठरवायचं आहे.

सहज_वाचक

सिमची मुदत तपासलीत का? आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आणीबाणीसाठी सिमवाला फोन होता. दोन वर्षं कोणी वापरलाच नाही, म्हणून नंबर आपोआप बंद झाला. कळलं कधी, तर आमचे एक आजोबा आत अडकले तेव्हा.

बाकी धागा वाचतोय. उपयोगी आहे.

पानापक्कड

रोहित्र, पॅनेलच्या आतलं मी तुम्हाला काय सांगणार. पण बाहेरच्या भागात माझी एकोणीस वर्षं गेली. पंप, टाक्या, औषधांच्या शीतपेट्या, मध्ये काही काळ सौर दिवे. यंत्राची माहिती लांबून घेण्याच्या या कामाला आमच्याकडे तेव्हा नुसतं टेलिमेट्री म्हणायचे. 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव केव्हिन अ‍ॅश्टन यांनी १९९९ मध्येच देऊन ठेवलं होतं, आमच्यापर्यंत ते बऱ्याच उशिरा पोचलं आणि पोचल्यावर त्याच कामाचे लोक जास्त पैसे मागू लागले.

आधी तुमची तीन मुकी पॅनेल. पुरवठा बघा. २जी मॉड्यूल संदेश सोडतं तेव्हा क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. तुमच्या टेबलाजवळ टॉवर असणार, म्हणून तिथे ते कुजबुजतं. पंपापाशी टॉवर लांब, म्हणून तेच मॉड्यूल बोंबलतं. पुरवठा एक अँपिअरचा असला की व्होल्टेज बसतं, मॉड्यूल रीसेट होतं, पुन्हा नेटवर्क शोधतं, पुन्हा बोंबलतं, पुन्हा बसतं. दिवा लागलेलाच राहतो. तुम्ही पोचल्यावर चालू झालं कारण तुम्ही पॅनेलचं दार उघडलंत. अँटेना आत ठेवलाय ना? पत्र्याच्या पेटीत? दार उघडलं की त्याला आकाश दिसतं. तर अँटेना बाहेर काढा, मॉड्यूलच्या पायाशी मोठा कपॅसिटर लावा, पुरवठ्याची तार जाड आणि आखूड ठेवा. शिवाय वॉचडॉग ठेवा, म्हणजे कार्ड अडकलं तर स्वतःच स्वतःला झोपवून उठवेल. यानंतरही गप्प राहिलं तर पेटी उघडून मुंग्या शोधा. मी विनोद करत नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. आकड्यांवर मी तरी जात नाही. २०१० मध्ये एरिक्सनने सांगितलं होतं, की २०२० पर्यंत ५० अब्ज यंत्रं जोडलेली असतील. २०२० उजाडलं तेव्हा तो आकडा फार लांब होता. पण म्हणून वाढ खोटी नाही. ती त्यांनी दाखवलेल्या जागी झाली नाही, एवढंच. चित्रात नेहमी घर दाखवायचे, फ्रिज दुधाची मागणी नोंदवतोय, पडदे आपोआप सरकताहेत. ज्या घरात सकाळी पाणी आहे की नाही हे नळ सोडून बघावं लागतं, तिथे पडदे कोण सरकवणार?

जिथे टिकलं अशी दोन उदाहरणं देतो.

केनियात क्युसो नावाचा कोरडा भाग आहे. तिथे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हातपंपांच्या दांड्यात छोटे ट्रान्समीटर बसवले. दांडा किती वेळा खालीवर झाला ते मोजायचं आणि एसएमएसने कळवायचं. ना स्क्रीन, ना अ‍ॅप. पंप बिघडला की हालचाल थांबते, आकडा शून्यावर येतो. आधी बिघडलेला पंप दुरुस्त व्हायला सरासरी २७ दिवस लागायचे, ते ३ दिवसांच्या आत आलं. हा आकडा मी अनेकांना सांगतो आणि प्रत्येक जण ट्रान्समीटर कुठला होता ते विचारतो. ट्रान्समीटरने पंप दुरुस्त केला नव्हता हो! तिथे दुरुस्तीसाठी पगारी मिस्त्री नेमलेले होते, सुटे भाग घेऊन निघायला तयार. पुढे त्यातून जी देखभालीची व्यवस्था उभी राहिली तिचं नावसुद्धा 'फुंडीफिक्स' आहे. फुंडी म्हणजे स्वाहिलीत मिस्त्री.

दुसरंही केनियातलंच. एम-कोपा ही कंपनी. २०१२ पासून छतावरचं छोटं सौर पॅनेल, दोन-चार दिवे आणि मोबाइल चार्जिंग, हे हप्त्यावर द्यायला लागले. पेटीत सिम. गिऱ्हाईक एम-पेसावरून, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवरून, रोजचा हप्ता भरतं, तसे पेटी चालू राहण्याचे दिवस वाढतात. हप्ता थांबला की दिवा थांबतो. गिऱ्हाईकाला 'स्मार्ट' काही नको होतं, त्याला उधारी हवी होती. आणि देणाऱ्याला वसुलीसाठी दारोदार हिंडणारा माणूस परवडत नव्हता. तेवढी एक अडचण सिमने सोडवली.

दोन्हीकडे आधी अडलेलं काम होतं, मग यंत्र आलं. माझ्या हातून उलटं झालेलं सांगतो. एका पाणीयोजनेवर आम्ही चाळीस पंपांना कार्डं लावली. झकास चालली. सूचना एका कार्यालयातल्या स्क्रीनवर यायच्या. अकरा आठवड्यांनी मी सहज गेलो तर त्या स्क्रीनवर पत्त्यांचा खेळ चालू आणि मागे न वाचलेल्या सूचना चारशेच्या वर. वाचून तरी त्या कारकुनाने काय केलं असतं? त्याच्याकडे पाना नाही, गाडी नाही, मिस्त्रीला पाठवायचा अधिकार नाही. उंटावरून शेळ्या हाकायचं यंत्र आम्ही फार मेहनतीने बनवलं होतं. नंतर एकच बदल केला. सूचना थेट मिस्त्रीच्या फोनवर, आणि त्याच्या येण्याजाण्याचा खर्च आधीच मंजूर. कार्डात एक ओळही बदलली नाही. आजही त्यातली तीसेक चालू आहेत.

तेव्हा तुम्ही गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न हा विचारा: "मोबाइलवर 'फेज गेली' असं दिसल्यावर तुम्ही कोणाला फोन कराल?" उत्तर असेल तर कार्ड विका. नसेल तर ते सहा महिन्यांनी म्हणेल, की तुमचं कार्ड बेकार आहे.

जाता जाता सिमबद्दल. मोबाइलमध्ये चालणारं सुटं सिम टाकू नका. जोहान्सबर्गमध्ये वाहतूक सिग्नलच्या पेट्यांत मोडेम आणि सिम बसवली होती, बिघाड कळवण्यासाठी. चोरांनी ती सिम काढून फोनवर मनसोक्त बोलून घेतलं. २०११ च्या सुरुवातीला ते उघडकीला आलं तोवर सुमारे ४०० सिग्नलांची वाट लागली होती. बोर्डावर सोल्डर केलेलं सिम घ्या, किंवा निदान फक्त तुमच्याच सर्व्हरशी बोलेल असं सिम घ्या. भारतात यंत्रांसाठीच्या सिमला १३ अंकी नंबर देतात, २०१८ पासून. तो घेतलात की माणसाचं सिम आणि यंत्राचं सिम यांची सरमिसळ होत नाही.

कुलूपकिल्ली

पानापक्कड यांच्याशी सहमत, पण त्यांनी एक दार उघडंच ठेवलंय. अक्षरशः.

मी जाळ्याची सुरक्षा बघतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने लाखांच्या घरात यंत्रं ताब्यात घेऊन साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरपासून नेटफ्लिक्सपर्यंत बऱ्याच साइट अमेरिकेत तासनतास उघडेनात. ती यंत्रं म्हणजे कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर. फोडण्याची युक्तीही काही नव्हती. कारखान्यातून येतात ते साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक घालून बघायचे. बाधित यंत्रांत व्हिएतनाम आणि ब्राझीलमधली भरपूर होती. स्वस्त माल जिथे खपतो तिथेच हे होणार. मालकाला पत्ताही नसतो, कारण त्याचा कॅमेरा तर नीट चालू असतो.

म्हणून रोहित्र, सगळ्या कार्डांना एकच पासवर्ड ठेवू नका. प्रत्येकाला वेगळा, पेटीवर चिकटवलेला चालेल. 'नंतर बघू' म्हणाल तर नंतर ते कार्ड कुठल्या रानात आहे हेही आठवणार नाही. ब्रिटनने तर २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट सारखे पासवर्ड असलेली ग्राहकोपयोगी यंत्रं विकायलाच बंदी केली. भारतातही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीची अट आली आहे. आज ना उद्या तुमच्या पॅनेलपर्यंत येईल.

आणि मोटर चालू करायचा आदेश बाहेरून घेणार असाल तर दहा वेळा विचार करा. पातळी चुकीची दिसली तर टाकी वाहेल. मोटर चुकीच्या वेळी सुरू झाली आणि कोणाचा हात कपलिंगमध्ये असला तर?

आकडेमोड

थोडा विरोधी सूर लावतो.

पानापक्कड साहेबांनी हातपंपाची गोष्ट छान सांगितली, पण ते कोपऱ्यातले प्रयोग आहेत. मोठे आकडे गिऱ्हाईकाच्या गरजेतून येत नाहीत, सरकारी आदेशातून येतात. भारताचंच घ्या. सार्वजनिक वाहतुकीच्या नव्या गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं झालं. २०२१ मध्ये वीजवितरणाची जी मोठी योजना मंजूर झाली तिच्यात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट होतं, मुदत मार्च २०२६. काम त्या उद्दिष्टाच्या बरंच मागे पडलं हे खरं, तरी बसलेले मीटरसुद्धा कोटींत आहेत. एवढी मागणी दुसरं कोण काढणार? मॉड्यूल बनवणारे कारखाने यावरच उभे राहतात, आणि मग तेच मॉड्यूल स्वस्त होऊन रोहित्र यांच्या पॅनेलमध्ये येतं.

तेव्हा भवितव्य विचारत असाल तर मिस्त्रीकडे नका बघू, निविदांकडे बघा.

पानापक्कड

आकडेमोड, अर्धं मान्य. मॉड्यूल स्वस्त होण्याचं श्रेय निविदांचं, वाद नाही. (थोडं हौशी मंडळींचंही. २०१४ मध्ये ईएसपी८२६६ ही वायफायची चिप आली तेव्हा सुरुवातीला तिची कागदपत्रंही धड नव्हती. पोरांनीच चिनी कागद वाचून ती चालवून दाखवली.)

पण तुमच्याच मीटरची एक तारीख आठवा. १२ ऑगस्ट २०२०, जन्माष्टमी. उत्तर प्रदेशात लाखाहून जास्त घरांची वीज एकदम गेली, कारण स्मार्ट मीटरना वीज तोडण्याचा आदेश चुकून गेला. वायरमन खांबावर चढून वीज तोडायचा तेव्हा चूक झाली तरी एका घराची व्हायची. अशा वेळी लाखभर मीटर पुन्हा जोडायला जागेवर किती माणसं लागतील, ते निविदेत लिहिलेलं असतं का? माझं म्हणणं इतकंच होतं. वाचणारं यंत्र आणि तोडणारं यंत्र यांत फरक आहे. कुलूपकिल्ली यांनीही शेवटी तेच सांगितलंय.

घाऊक चूक मीही केलीय. आमची सगळी कार्डं दर तासाच्या ठोक्याला माहिती पाठवायची. दिसायला फार शिस्तशीर. एके संध्याकाळी चार तासांनी मोठ्या भागाची वीज आली आणि सहाशे कार्डं त्याच सेकंदाला जागी होऊन सर्व्हरच्या दाराशी उभी राहिली. सर्व्हर पडला. उत्तर मिळेना म्हणून सगळ्यांनी तीस सेकंदांनी परत हाक मारली, पुन्हा एकाच वेळी. रात्रभर हेच. वीज जाणं नेहमीचं नसतं तिथल्या पुस्तकांत हा धडा शेवटच्या प्रकरणात येतो. आपल्याकडे तो पहिला हवा. प्रत्येक कार्डाने उठल्यावर मनाला येईल तेवढा वेळ थांबून मगच बोलावं, आणि उत्तर नाही आलं तर थांबण्याचा वेळ दरवेळी वाढवत न्यावा.

२जी की ४जी हे राहिलंच. २जी घेऊ नका. अमेरिकेत एटी अँड टीने २०१६ संपताना २जी बंद केलं, तेव्हा वाटलं हे श्रीमंतांचं खूळ आहे. व्हिएतनामने २०२४ मध्ये फक्त २जीवर चालणाऱ्या फोनची सेवा थांबवली, तेव्हा माझी झोप उडाली. फोन लोक बदलतात. पंपावरचं कार्ड दहा वर्षं राहतं. तुमच्या कामाला ४जीचं कॅट-१, म्हणजे कमी वेगाचं साधं मॉड्यूल, पुरे. ते क्षणभर ओढतं तो करंटही २जीपेक्षा कमी असतो. एनबी-आयओटी, म्हणजे थोडी माहिती कमी विजेत पाठवायचं मोबाइल नेटवर्क, बॅटरीवरच्या मीटरला उत्तम, २०१६ पासून त्याचं मानक आहे, पण तुमच्या पंपापाशी ते पोचतं का हे मोजूनच घ्या. आणि मॉड्यूल मुख्य बोर्डावर सोल्डर न करता सॉकेटवर बसवा. वर मी सिम सोल्डर करा म्हणालो, ते या छोट्या सॉकेटवरच्या कार्डात. उद्या नेटवर्क बदललं तर तेवढंच कार्ड बदलता आलं पाहिजे.

कुलूपकिल्ली

सॉकेटच्या मुद्द्याला +१. त्यात भर, सर्व्हरही बदलता आला पाहिजे. रिव्हॉल्व्ह नावाचा घरगुती हब, म्हणजे घरातली यंत्रं एकत्र चालवणारा डबा, होता, गूगलकडे गेला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद केली. लोकांच्या भिंतीवर चांगला चालणारा डबा एका दिवसात पेपरवेट झाला. रोहित्र, तुम्ही उद्या धंदा बंद केलात तरी स्टार्टर बटणावर चालला पाहिजे.

रोहित्र

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण तिन्ही ठिकाणी जाऊन आलो.

दोन पॅनेलमध्ये अँटेना आतच होता, हो, पत्र्याच्या पेटीत. लाज वाटली. बाहेर काढला, कपॅसिटर लावला, सोळा दिवस झाले, एकही खंड नाही. तिसऱ्यात मुंग्या निघाल्या. रिलेच्या संपर्कात भाजून चिकटलेल्या. पानापक्कड, तुम्हाला हे कसं कळलं ते विचारत नाही.

तुमचा प्रश्न पाचही गिऱ्हाइकांना विचारला. तिघांनी लगेच रिवाइंडिंगवाल्याचं नाव घेतलं. एकाने उलट मलाच विचारलं, "तुम्ही नाही का येणार?" पाचवा म्हणाला, त्याला काही करायचं नाही, फक्त मोटर चालू आहे एवढं बसल्या जागी कळलं पाहिजे, कारण ती लावायला तो मुलाला पाठवतो आणि मुलगा खोटं बोलतो. हे कुठल्या अहवालात बसतं ते तुम्हीच सांगा.

चौघांना देतोय. सूचना मालक आणि मिस्त्री दोघांना. आदेश घेणारी तार जोडलेलीच नाही, फक्त वाचन. पहिल्या वर्षी वीस पॅनेलच्या वर जाणार नाही, कारण वीसच ठिकाणी माझा माणूस वेळेवर पोचू शकतो. आकडेमोड साहेब, निविदांवर नजर ठेवतो, पण लांबूनच.

एक शेवटचं. अँटेनाची तार पेटीतून बाहेर काढायला भोक कुठे पाडू? वरच्या बाजूला सोपं पडतंय.

पानापक्कड

खालून. वरून पाडलंत तर पहिल्या पावसात माझी आठवण काढाल. ग्लँड, म्हणजे भोकात तार घट्ट धरणारं बूच, लावा आणि तार आत जाण्याआधी खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल. भोकाची उरलेली फट बुजवा. मुंग्या तिथूनच आल्या होत्या.

पाचव्याला देत नाही तेच बरं. नाहीतर बापलेकांच्या भांडणात साक्ष द्यायला तुमचं कार्ड उभं राहील, आणि ज्या दिवशी नेटवर्क नसेल त्या दिवशी मार पोराला बसेल.